क्लाइनच्या दोन चिंता: धास्ती नेमकी कुणाची?

मनोविश्लेषक मेलनी क्लाइननं बाळाच्या मनाच्या दोन स्थिती ('पोझिशन') सांगितल्या. त्यांतली डिप्रेसिव्ह पोझिशन म्हणजे डिप्रेशन नव्हे. हे एकदाचं सांगून टाकू आणि खऱ्या गल्लतीकडे वळू.

क्लाइनची पहिली, पॅरानॉइड-स्किझॉइड पोझिशन बहुतेकांना ठाऊक असते: पहिले तीन-चार महिने, भूक भागवणारा स्तन चांगला, न मिळणारा वाईट, बाळाचा राग बाहेर ढकलला जातो आणि तोच उलटून अंगावर येतो. पुढे, सहा महिन्यांच्या आतच, दोन्ही स्तन एकाच आईचे असल्याचं बाळाला जाणवू लागतं. ही दुसरी, डिप्रेसिव्ह स्थिती क्लाइननं आधी, १९३५ मध्ये मांडली; पहिली १९४६ मध्ये.

लोक अडखळतात ते अपराधीपणाशी. कुणी 'मी फार वाईट आहे' म्हटलं की लगेच डिप्रेसिव्ह चिंतेचा शिक्का मारला जातो. इथेच चुकतं. पहिल्या स्थितीतल्या चिंतेत धोका मला असतो: आता माझं काय होणार, समोरचा सूड घेईल, मला टाकून देईल. दुसऱ्या, डिप्रेसिव्ह चिंतेत धोका समोरच्याला असतो, आणि तो माझ्यामुळे: ज्याच्यावर जीव आहे, त्यालाच मी दुखावलं.

बायकोला चारचौघांत टाकून बोललेला नवरा घ्या. रात्री तो म्हणतो, "सॉरी म्हटलं ना! अजून किती ताणणार?" ही शिक्षेची भीती आहे, माफी म्हणजे दंड भरून मोकळं होणं. दुसरा एखादा नवरा नेमकं काय बोललो ते उच्चारतो, ती गप्प राहिली तरी तिचा राग सोसतो, घाई करत नाही. दुरुस्तीची इच्छा ती ही. न विचारता महागडी साडी आणून विषय मिटवणं म्हणजे क्लाइनच्या भाषेत मॅनिक दुरुस्ती: नुकसान झालंय हेच नाकारायचं. 'मी किती नालायक' हे रडगाणंही बहुधा पहिल्याच खात्यातलं. त्यात समोरच्याला जागाच नसते.

या स्थितींना 'पायऱ्या' म्हणणं तर डोक्यातच जातं. पायरी चढली की मागे पडते. इथे ये-जा जन्मभर चालते. पुढे मनोविश्लेषक विल्फ्रेड बियॉननं दोन्हींच्या मध्ये दोन टोकांचा बाण काढला तो उगाच नव्हे. १९४० च्या शोकावरच्या लेखात क्लाइननंच दाखवलं होतं, की जवळचं माणूस गेलं की दुसऱ्या स्थितीतली जुनी चिंता पुन्हा जागी होते, आणि तिच्याबरोबर छळाची भीतीही.