ट्रेन सिम्युलेटर, स्पीड बोर्ड आणि रिअ‍ॅलिझमचा जुना वाद

ट्रेन सिम, म्हणजे ट्रेन चालवायचे गेम, खेळणाऱ्यांत हे भांडण कायम चालू असतं, पुढची स्पीड लिमिट स्क्रीनवर आधीच दाखवायची की रुळाशेजारचा बोर्ड बघून चालवायचं. बोर्डवाले स्वतःला जास्त रिअ‍ॅलिस्टिक समजतात, पण खरा ड्रायव्हर तरी कुठे बोर्ड बघून चालवतो? त्याला रूट आधी शिकवतात, लिमिट कुठे उतरते ते डोक्यात पक्कं असतं, बोर्ड नुसता आठवणीपुरता. फास्ट गाडी थांबायला किलोमीटरच्या वर अंतर खाते, त्यामुळे बोर्ड दिसल्यावर ब्रेक मारला तर बऱ्याचदा उशीरच झालेला असतो.

आता सगळं डोक्यावर सोडलं की काय होतं ते ब्रिटनमध्ये 7 मे 1969 ला मॉर्पेथला दिसलं. ताशी 40 मैल लिमिटच्या वळणावर रात्रीची एक्स्प्रेस 80 च्या आसपास शिरली आणि 6 जण गेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये जिथे लिमिट एकदम खाली येते त्याच्या बरंच आधी इशारा देणारे बोर्ड आले. मग 1975 मध्ये नुनीटन, तिथे तात्पुरत्या 20 च्या लिमिटचा इशारा देणारा बोर्ड होता पण त्याचा गॅसचा दिवाच विझलेला, ड्रायव्हरला वाटलं लिमिट काढून टाकली, परत 6 मृत्यू. म्हणजे बोर्ड असून उपयोग नाही, तो दिसलाही पाहिजे!

गेमवाल्याची अडचण वेगळीच. 2001 च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रिया, जपान असे रूट होते, आता ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची लाइन घरबसल्या कोणाला पाठ असणार, म्हणून पुढची लिमिट दाखवणारा ट्रॅक मॉनिटर दिलेला. 2017 च्या ट्रेन सिम वर्ल्डमध्येही पुढची लिमिट आणि तिचं अंतर स्क्रीनवर येतं, नको असेल तर बंद करा. माझ्या मते रूट चारदोनदा चालवून पाठ झाला की मगच बंद करावं, आधी केलं तर तो रिअ‍ॅलिझम नाही, नुसता अंदाजपंचे कारभार.

आणि एवढाच रिअ‍ॅलिझम पाहिजे असेल तर काळपण बघा ना, 1950 च्या वाफेच्या इंजिनाचा ब्रिटिश रूट बनवायचा आणि त्यात मॉर्पेथनंतरचे इशारा बोर्ड लावायचे, हे कसं चालेल?