व्यापारार्थ साहाय्य

गरीब देशांना आपला माल जगाच्या बाजारात विकता यावा म्हणून श्रीमंत देश आणि आंतरराष्ट्रीय संस्था जे विकास-साहाय्य देतात, त्याला व्यापारार्थ साहाय्य म्हणतात. जागतिक व्यापार संघटनेच्या डिसेंबर २००५ मधील हाँगकाँग मंत्रिपरिषदेत त्याला औपचारिक उपक्रमाचे रूप मिळाले. रस्ते, बंदरे आणि वीज, शेती व उद्योगांची उत्पादनक्षमता, व्यापारविषयक कायदे व वाटाघाटींचे प्रशिक्षण हे सारे त्यात मोडते.

आयातशुल्क माफ केले की व्यापार आपोआप वाढतो, हा समज अनुभवाने खोटा ठरला. युरोपीय संघाने २००१ पासून अल्पविकसित देशांचा शस्त्रास्त्रे वगळता सर्व माल शुल्कमुक्त केला. भारतानेही २००८ मध्ये या देशांसाठी शुल्कसवलत योजना आणली. तरीही चाळीसहून अधिक अल्पविकसित देशांचा जागतिक निर्यातीतील वाटा एक टक्क्याच्या आसपासच घुटमळत राहिला. दार उघडे होते, पण दारापर्यंत माल पोहोचवण्याची सोय नव्हती.

ही अडचण कशी असते, ते व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी दिसले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस युरोपीय संघाने युगांडा, केनिया व टांझानिया येथील माशांच्या आयातीवर आरोग्याच्या कारणावरून निर्बंध घातले. मासा सुरक्षित आहे हे सिद्ध करणारी, खरेदीदाराला मान्य होईल अशी तपासणी यंत्रणाच तिथे नव्हती. कारखाने थंडावले, कोळ्यांच्या हातचे काम गेले. पुढे परदेशी साहाय्याने निरीक्षक तयार झाले, तपासणीची व्यवस्था उभी राहिली आणि निर्यात पुन्हा सुरू झाली. एका प्रमाणपत्रावर हजारो घरांची चूल अवलंबून असू शकते, हे धोरण आखणाऱ्यांनी विसरू नये.

दुसरे उदाहरण झांबिया व झिंबाब्वे यांच्या सीमेवरील चिरुंडूचे. झांबेझी नदीच्या दोन्ही तीरांवर ट्रकची तीच कागदपत्रे दोनदा तपासली जात आणि चालकांना दिवसेंदिवस खोळंबून राहावे लागे. डिसेंबर २००९ पासून ट्रक एकदाच, ज्या देशात शिरायचे तिथे थांबतो. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच आवारात बसतात. झांबियासारख्या समुद्रकिनारा नसलेल्या देशाला शुल्कमाफीइतकाच हा वाचलेला वेळ मोलाचा आहे. सीमाशुल्काचे काम संगणकावर आणणारी अंक्टाडची (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकासविषयक संस्थेची) ‘असिकुडा’ प्रणाली आणि २०१७ मध्ये अमलात आलेला जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार यांचा रोखही याच दिरंगाईवर आहे.

या साहाय्याचा मोठा भाग अनुदान नसून सवलतीचे कर्ज असते, आणि ते फेडावे लागते. बंदर बांधून झाले पण त्यावरून पाठवायला माल नाही, अशी गत झाली तर कर्ज तेवढे उरते. म्हणून साहाय्याचा अग्रक्रम ते घेणाऱ्या देशाने ठरवावा, हे तत्त्व केवळ सौजन्याचे नाही.

देणाऱ्यांची स्वतःची धोरणेही याच्या आड येतात. बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या कापूस पिकवणाऱ्या देशांनी २००३ मध्ये तक्रार मांडली, की श्रीमंत देशांच्या अनुदानांमुळे कापसाचे जागतिक भाव पडतात. हाँगकाँगमध्ये विकसित देशांनी कापसावरील निर्यात अनुदाने २००६ मध्ये संपवण्याचे मान्य केले. शेतकऱ्यांना देशांतर्गत मिळणाऱ्या अनुदानांचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.