‘चिप चालली म्हणजे अस्सल’ हा गैरसमज

बोर्डावर लावून बघा, चालली तर चिप अस्सल, असं दुरुस्तीच्या टेबलावर वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही, आणि ते जिवावरही बेतू शकतं.

बनावट चिप म्हणजे आतून रिकामा प्लास्टिकचा तुकडा, असं आपण धरून चालतो. तसेही सापडतात. पण बनावट मालाचा मोठा वाटा भंगारातून येतो. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातलं ग्वीयू यासाठी कुप्रसिद्ध होतं. जुने बोर्ड तापवून चिप उपटायच्या, धुवायच्या, वरचा क्रमांक घासून काळा थर द्यायचा आणि नवी तारीख छापायची. आतलं सिलिकॉन खरंच असतं, म्हणून ती चालते! पण उष्णतेने, ओलीने, स्थिर विजेने तिचं आयुष्य आधीच कुरतडलेलं असतं. साध्या चिपवर लष्करी दर्जाचा क्रमांक छापला, तर खोलीच्या तापमानाला फरक कळत नाही; उणे ५५ किंवा अधिक १२५ अंश सेल्सियसला कळू शकतो.

अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ च्या अहवालात अशी सुमारे १,८०० संशयित प्रकरणं मांडली. सुटे भाग १० लाखांहून अधिक. अमेरिकी नौदलाच्या पी-८ए विमानाच्या बर्फ ओळखणाऱ्या यंत्रणेत तर एक भाग जागेवरून निसटून आत खुळखुळत सापडला. तो वापरलेला होता, विकला मात्र नवा म्हणून.

ॲसिटोन या द्रावकाने पुसून वरचा काळा थर निघतो का ते बघणं चांगलंच, पण काही थर त्याला दाद देत नाहीत. तेव्हा एक्स-रे काढावा लागतो, किंवा चिप उघडून आतल्या सिलिकॉनवरची उत्पादकाची खूण बघावी लागते.