कुंपणाचा अर्धा भाग जमिनीत असतो

कोंबड्यांभोवती लावायची विजेची जाळी पहिल्यांदा हातात घेतली की तिच्यावर भरवसा ठेवावासा वाटत नाही. जेमतेम कंबरेच्या वर येणारी, दोऱ्यांनी विणलेली ही जाळी कोल्हा उडी मारून ओलांडू शकतो, कुत्रा दातांनी फाडू शकतो. तरीही दोघे लांब राहतात, कारण एकदा झटका बसला की ते त्या जाळीची धास्ती घेतात.

जाळीच्या आडव्या दोऱ्यांत स्टीलच्या अगदी बारीक तारा विणलेल्या असतात. उभे दोरे नुसते प्लॅस्टिकचे, आणि जमिनीला टेकणाऱ्या सर्वांत खालच्या दोऱ्यात तार नसते. झटका मशीन या तारांत साधारण सेकंदाला एक झटका सोडतं. व्होल्टेज पाच ते दहा हजार, पण झटका टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ. मशीनमधला कपॅसिटर मधल्या वेळात थोडीशी ऊर्जा साठवतो आणि ती एका दमात सोडून देतो. त्यामुळे झटका सणसणीत बसतो, पण स्नायू आखडून प्राणी तारेला धरून राहील इतका वेळ तो चालत नाही. पुढचा येण्याआधी मागे सरायला सवड मिळते. घरातली वीज थेट जाळीत सोडली तर ही सवड उरत नाही, करंट थांबतच नाही आणि माणूसही जागीच मरू शकतो. असला जुगाड कोणीही, कधीही करू नये. अशा मशीनसाठी आयईसी 60335-2-76 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मशीन घेताना ते पाहावं.

आता कोल्ह्याकडे पाहू. अनोळखी वस्तू दिसली की तो आधी नाक पुढे करतो. नाक ओलं, पंजे जमिनीवर. मशीनमधून निघालेला करंट तारेतून नाकात, अंगातून पंजात, तिथून मातीत आणि मातीतून, मशीनला जोडून जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या रॉडवाटे परत मशीनमध्ये जातो. हा फेरा पुरा झाला तरच झटका बसतो. म्हणजे माती हीसुद्धा एक तारच आहे, आणि दुर्लक्ष होतं ते नेमकं तिच्याकडे. जाळी ताठ उभी, मशीनचा दिवा लुकलुकतोय, पण जमीन कोरडी ठणठणीत. अशा वेळी कोल्ह्याला जेमतेम चुणचुण जाणवते. उपाय साधे आहेत: रॉड खोल ठोकावा, गरज पडली तर आणखी रॉड जोडावेत, तिथली माती ओली ठेवावी. फारच रखरखीत जमिनीसाठी एकाआड एक तार अर्थिंगला जोडलेली जाळी मिळते. तिथे प्राण्याचं अंग एकाच वेळी दोन तारांना लागलं की फेरा मातीशिवायच पुरा होतो.

कोंबडीचं गणित वेगळं आहे. पिसं विजेला अडवतात, पायांवरचे कोरडे खवलेही बऱ्यापैकी अडवतात. तुरा किंवा चोच लागली तर मात्र झटका कळतो. लहान पिल्लं तर जाळीच्या भोकांतूनच निसटतात. तेव्हा कोंबड्या आत राहतात त्या बऱ्याच अंशी जाळीच्या अडसरामुळे. उडणाऱ्या कोंबडीच्या एकाच पंखाची लांब पिसं कापली की तिचा तोल जातो आणि ती जाळीवरून जात नाही.

गवत वाढून तारांना टेकलं की प्रत्येक ओलं पातं थोडा थोडा करंट जमिनीत उतरवतं. रात्री शांततेत जाळीजवळ उभं राहिलं तर अशा जागी टिक् टिक् आवाज येतो, कधी बारीकशी निळसर ठिणगीही दिसते. जाळीतलं व्होल्टेज मोजणारा टेस्टर मशीनपासून सर्वांत दूरच्या टोकाला लावावा. तिथे तीन हजार व्होल्टच्या खाली आकडा गेला तर आधी गवत कापावं आणि मग अर्थिंग तपासावं.

घार वरून येते, तिच्यापुढे या जाळीचं काही चालत नाही. त्यासाठी वर आच्छादन लागतं. आणि मशीन बंद ठेवायचं असेल तर जाळी गुंडाळून ठेवावी. झटका नसलेल्या जाळीची प्राण्यांना भीती उरत नाही. ते बेधडक घुसायला जातात, आणि त्यांच्यासह कोंबड्याही तिच्यात गुरफटून मरू शकतात.