घाम परभणीचा, निकाल माणसाचा

परभणीत बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात टीव्ही कायम मुका असतो. भज्यांची कढई आणि कपबश्यांचा खणखणाट, यात ऐकू तरी काय येणार? संध्याकाळी वादचर्चा लागली की सहा चौकटींतली सहा तोंडं एकदम हलायला लागतात, आणि एक शब्दही न ऐकता गिऱ्हाईक निकाल देऊन मोकळं होतं : "ह्या गड्याचं काई खरं नाही."

हा निकाल अगदीच हवेतला नसतो. डॅनियल बेंजामिन आणि जेसी शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गव्हर्नरपदाच्या 58 निवडणुका घेतल्या आणि उमेदवारांच्या वादचर्चांचे दहा-दहा सेकंदांचे मूक तुकडे लोकांना दाखवले. उमेदवार अनोळखी, तरी कोण जिंकलं असेल याचे अंदाज नाणं उडवण्यापेक्षा बरेच बरे निघाले. आवाज चालू केल्यावर ते सुधारले नाहीत. म्हणजे डोळा काहीतरी टिपतो खरा. पण टिपतो ते माणसाचं की यंत्राचं?

26 सप्टेंबर 1960 ला शिकागोत अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन टीव्हीवरच्या वादचर्चेत समोरासमोर आले. निक्सन गुडघ्याच्या जंतुसंसर्गातून नुकतेच उठलेले, वजन उतरलेलं. नीट मेकअप त्यांनी नाकारला, दाढीच्या खुंटांवर नुसती पावडर फासली. दिव्यांखाली घाम फुटला, आणि राखाडी सूट राखाडी पडद्यात विरून गेला. रेडिओवर ऐकणाऱ्यांना मात्र निक्सन सरस वाटले, ही कथा प्रसिद्ध आहे. पण तिचा आधार असलेली पाहणी फार तोकडी होती. 2003 साली जेम्स ड्रकमन यांनी तीच चर्चा 171 जणांवर नव्याने आजमावली. काहींना दाखवली, काहींना नुसती ऐकवली. पाहणाऱ्यांचा कल केनेडींकडे जास्त झुकला. कथेत तथ्य निघालं, पण 43 वर्षांनी.

आता आपल्याकडे या. "जगात जर्मनी, भारतात परभणी" खरंच, पण मे महिन्यात पारा 42च्या पुढे गेलेला असतो. मुंबईतला प्रवक्ता एसीत बसलेला, आमचा जिल्हाध्यक्ष रस्त्याच्या कडेला कानात इअरफोन खुपसून उभा. त्याच्या कपाळावरचा घाम हवेमुळे आलेला असतो. पाहणारा तो प्रश्नाच्या खाती टाकतो.

त्याहून मला मोठा वाटतो तो विलंब. टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2009 साली दहा भाषांतल्या गप्पा मोजल्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघालं. उलट थेट प्रक्षेपण ज्यावरून येतं तो उपग्रह आहे सुमारे 36,000 किलोमीटरवर. वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो, आणि चित्र आवळून पाठवायचं, पुन्हा उलगडायचं, यात आणखी वेळ. मोबाइल नेटवर्कवरून पाठवलं तर विचारूच नका. बिचारा माणूस प्रश्न ऐकताक्षणी तोंड उघडतो, पडद्यावर मात्र तो ढिम्म उभा दिसतो. 2014 साली जर्मनीतल्या संशोधकांना आढळलं, की फोनवर 1.2 सेकंदांचा विलंब घातला तरी समोरचा माणूस कमी आपुलकीचा, कमी लक्ष देणारा वाटू लागतो. दोष तारेचा, शिक्का स्वभावावर.

नजरेचंही तसंच. समोरच्या मोबाइलवर स्वतःचंच चित्र पाहत बोललं की डोळे कॅमेऱ्याच्या भिंगाखाली झुकतात, आणि माणूस नजर चुकवतोय असं दिसतं.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत "संवाद 93 टक्के देहबोलीतून होतो" असं छातीठोक सांगतात. हा आकडा आला अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967च्या प्रयोगांतून, आणि ते प्रयोग सुट्या शब्दांवर आणि भावनांपुरते होते. शब्द आणि चेहरा यांचा मेळ बसत नसेल तेव्हा लोक कशावर भरवसा ठेवतात, एवढाच त्यांचा विषय. पीकविम्यावरच्या वादाला हा हिशोब लावायचा, तर मग बोलायचंच कशाला?

परवा हॉटेलवाल्याने कढई उतरवली आणि कुणीतरी आवाज वाढवला. ज्याचं "काई खरं नाही" ठरलं होतं, तो दुष्काळी अनुदानाचे आकडे तालुकावार, न अडखळता सांगत होता. दोघं-तिघं चहा हातात तसाच धरून ऐकत राहिले. मग कढई पुन्हा चढली.