रणगाड्याची लघुप्रतिकृती

रणगाड्याची लघुप्रतिकृती : युद्धात वापरल्या गेलेल्या रणगाड्याचे, ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या सुट्या भागांपासून जोडलेले आणि रंगवलेले प्रतिरूप. बोलण्यात तिला सर्रास ‘मॉडेल’ म्हणतात. खेळण्यातला रणगाडा कोणत्याही रणगाड्यासारखा दिसला तरी चालतो. लघुप्रतिकृतीने मात्र एका विशिष्ट रणगाड्याची, शक्य असेल तर एका विशिष्ट दिवसाची अवस्था दाखवावी, अशी अपेक्षा असते. ठाणे आणि नवी मुंबईत हे काम बहुधा राहत्या घरातच, खिडकीशी किंवा बाल्कनीच्या दाराशी मांडलेल्या टेबलावर चालते. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांना ते फारसे परके वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूची वाहने सैनिकांना लांबून ओळखता यावीत म्हणून छोट्या प्रतिकृती वापरल्या जात. घरोघरी जोडण्याजोगी प्लॅस्टिकची किट पुढच्या दशकांत पसरली. आज रणगाड्यांसाठी १:३५ हे प्रमाण सर्वांत रूढ आहे आणि त्याचे मूळ पूर्णपणे व्यावहारिक आहे : जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याचे मोटारीवर चालणारे किट काढले, तेव्हा आत मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात या हिशेबाने त्याचे आकारमान ठरले आणि ते सुमारे १:३५ भरले. पुढे इतरांनीही तेच प्रमाण उचलले. याखेरीज १:४८, १:७२ आणि जुन्या ब्रिटिश किटांचे १:७६ ही प्रमाणे आढळतात. सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याचा सांगाडा, म्हणजे तोफेची नळी वगळता मूळ धड, सुमारे ७.६ मीटर लांब असतो. १:३५ मध्ये तो साधारण २२ सेंटिमीटर होतो, तर १:७२ मध्ये साडेदहा सेंटिमीटर. दोन खोल्यांच्या घरात कपाटातली एकच फळी मिळाली असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो.

प्रमाणाचे गणित रंगकामातही सतत डोक्यात ठेवावे लागते. १:३५ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे मूळ रणगाड्यावरचे साडेतीन सेंटिमीटर. रंग उडालेला दाखवण्यासाठी सहज टेकवलेला दोन मिलिमीटरचा ठिपका प्रत्यक्षात सात सेंटिमीटरचा, जवळजवळ तळहाताएवढा पोपडा ठरतो. नवशिक्यांच्या प्रतिकृती खोट्या वाटतात त्याचे पहिले कारण बहुधा हेच असते.

कोणता रणगाडा करायचा, हा प्रश्न किट घेण्याआधीचा आहे. परदेशी बाजारात जर्मन टायगर आणि पँथर, सोव्हिएत टी-३४ आणि अमेरिकन शर्मन यांचीच गर्दी आहे. भारतीय वाचकाला मात्र १९६५ आणि १९७१ च्या लढायांतले रणगाडे अधिक जवळचे वाटावेत. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या काळात पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे झालेल्या लढाईत भारताच्या बाजूने सेंच्युरियन, शर्मन आणि एएमएक्स-१३ रणगाडे होते, तर पाकिस्तानची मुख्य भिस्त पॅटन रणगाड्यांवर होती. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पुणे येथे जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. पूना हॉर्स या रेजिमेंटमधील त्यांच्या सेंच्युरियनचे नाव ‘फामागुस्ता’ होते. सेंच्युरियनची किट मिळतात. पण त्यांत ब्रिटिश किंवा अन्य सैन्यांच्या खुणा असतात, म्हणून भारतीय क्रमांक आणि रणगाड्याचे नाव मॉडेलरला स्वतः बारीक कुंचल्याने लिहावे लागते किंवा डिकॅलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या, कागदावर छापून घ्यावे लागते.

येथे संदर्भसाहित्याला पर्याय नाही. या भागातील मॉडेलरांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे ठिकाण म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालय. ते १९९४ मध्ये सुरू झाले असून तेथे अनेक देशांचे रणगाडे उघड्यावर मांडलेले आहेत. ओतीव पोलादाचा खरखरीतपणा, जोडणीच्या वेल्डची जाडी, अवजारांचे पट्टे नेमके कोठे बसतात, हे फोटोपेक्षा तेथे समोर उभे राहून लवकर समजते. रंगाच्या बाबतीत मात्र संग्रहालयावर विसंबू नये. उघड्यावरचे रणगाडे जतनासाठी पुन्हा पुन्हा रंगवले जातात, त्यामुळे आकार आणि मापे संग्रहालयातून घ्यावीत आणि छटा, खुणा, मळ यांसाठी युद्धकाळातील छायाचित्रे पाहावीत, हा क्रम सुरक्षित आहे. छायाचित्र कृष्णधवल असले तरी धूळ कोठवर चढली आहे आणि खुणा कोठे आहेत, एवढे त्यातून नक्की कळते.

किटमधील भाग पॉलिस्टायरीनच्या चौकटींना, म्हणजे स्प्रूला, जोडलेले येतात. ते ओढून न तोडता नीपरने, म्हणजे छोट्या कापणी-पकडीने, थोडे अंतर राखून कापायचे, उरलेला कंगोरा धारदार पात्याने तासायचा आणि मग पॉलिश पेपर फिरवायचा. मॉडेलचा गोंद हा खऱ्या अर्थाने गोंद नसतो. त्यातील द्रावक प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन कडा एकमेकींत मिसळून एकजीव होतात. पातळ गोंदाचा कुंचला फटीच्या एका टोकाला टेकवला की द्रव केशाकर्षणाने फटभर पळतो. तोच जास्त झाला, तर बोटाचा ठसा कायमचा उमटतो. तोफेची नळी दोन उभ्या अर्धांत आलेली असेल, तर जोडाची रेघ घासण्यात पुरेसा वेळ घालवावा. सेंच्युरियनच्या २०-पाउंडर तोफेचा व्यास सुमारे ८४ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत नळीचे तोंड जेमतेम २.४ मिलिमीटरचे, नळी घासताना ती चपटी झाली, तर सारी प्रतिकृती बिघडलेली दिसते, कारण पाहणाऱ्याची नजर सर्वप्रथम तोफेवरच जाते. उरलेल्या फटींत लांबी (पुट्टी) भरतात.

चाके आणि साखळीपट्टे हा वेळखाऊ भाग. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला चाकांच्या सहा जोड्या, म्हणजे एकूण २४ चाके असतात आणि प्रत्येकाच्या रबरी कडेवरची शिवण घासावी लागते. पट्टे लवचिक व्हिनिलचे, सलग तुकड्यांचे किंवा एकेक कडी जोडण्याचे असतात. खरा पट्टा स्वतःच्या वजनाने वरच्या बाजूस किंचित झोळ खातो. व्हिनिलचा ताणलेला पट्टा हा झोळ दाखवत नाही, त्यामुळे तो चाकांना चिकटवून किंवा दोऱ्याने खाली ओढून बसवावा लागतो.

रंगाआधी अस्तर द्यायचे, म्हणजे राहिलेले ओरखडे उघडे पडतात. मूळ रंग एअरब्रशने, साधारण ०.३ मिलिमीटरच्या नोझलमधून आणि १५ ते २० पीएसआय दाबाने पातळ थरांत फवारतात. ठाण्यातील गणपतीच्या कारखान्यांत कॉम्प्रेसरवर मूर्ती रंगवणाऱ्या कारागिरांचा हात पाहिला, तर फवारणी तुकड्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवण्याची लकब चटकन उमगते. हिरवा रंग डबीतून जसाच्या तसा वापरला, तर छोट्या पृष्ठभागावर तो काळपट दिसतो, म्हणून त्यात थोडा फिका रंग मिसळतात. फवारताना खिडकी उघडी असावी आणि द्रावकाच्या वाफेसाठी योग्य मास्क लावावा. बंद बेडरूममध्ये हे काम करू नये.

खाडीकाठच्या या शहरांत कामाचे वेळापत्रक हवाच ठरवते. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. लॅकर (झपाट्याने सुकणारा, द्रावकावर आधारित रंग) फवारले की द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर जमून रंगावर पांढुरकी झाक येते. मॅट वार्निशही असेच दुधाळ होते, आणि महिनाभराच्या कामावर शेवटच्या फवाऱ्यात पडलेला हा पडदा पाहणे फार क्लेशदायक असते. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारी बाटली जोडली, तरी खोलीतील ओल तशीच राहते. त्यामुळे अनुभवी मॉडेलर पावसाळ्यात कापणे, घासणे, पट्टे जोडणे उरकतात आणि फवारणी दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांवर ठेवतात. पावसातच रंगवायचे असेल, तर पाण्यावर आधारित अॅक्रिलिक रंग कुंचल्याने लावावेत.

मूळ रंग सुकल्यावर चकचकीत वार्निशचा थर देऊन त्यावर डिकॅल बसवतात, कारण खरखरीत पृष्ठभागावर डिकॅलखाली हवा अडकते. नंतर वॉश : तेलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून कुंचल्याचे टोक वेल्डच्या रेघेला नुसते टेकवायचे. रंग रेघेतून धावतो, वाटेतल्या रिव्हेटभोवती वळसा घालतो आणि सुकल्यावर तेथे बारीक सावली उरते. पुढे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळतात आणि स्पंजच्या तुकड्याने रंगाचे टवके दाखवतात. गंज दाखवण्याचा मोह येथे आवरावा. लढणारा रणगाडा रोज हाताळला जातो; चालत्या पट्ट्यांच्या कड्या जमिनीवर घासून लखलखतात, नारिंगी गंजाने माखत नाहीत.

मातीचा रंग हा स्थानिक प्रतिकृतींतील सर्वांत सामान्य दोष आहे. ठाण्याजवळच्या येऊरच्या वाटेवरची तांबूस माती हाताशी असते, चाळून वापरायला सोपी असते आणि डोळ्यांना ओळखीची वाटते. पण असल उत्तरच्या गाळाच्या शेतांत ती शोभत नाही. तेथील माती फिकी, करडी-तपकिरी. शिवाय त्या लढाईत शेतांत पाणी सोडलेले असल्याने पॅटन चिखलात रुतले होते. तेव्हा पट्ट्यांवर आणि खालच्या भागावर ओला, गडद चिखल आणि वर सुकलेली फिकी धूळ, असे दोन थर दाखवणे योग्य ठरते. उसाच्या शेतासाठी काथ्याचे धागे आणि कागदाच्या कातरलेल्या पट्ट्या चालतात. ढेकळांसाठी वापरलेली चहापत्ती उत्तम, मात्र ती तव्यावर पूर्ण कोरडी करून फेविकॉलमध्ये मिसळावी, नाहीतर पहिल्याच श्रावणात काचेच्या पेटीत बुरशी धरते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवून ती दरवर्षी पावसाळ्याआधी बदलतात.