आसनांचं खापर एकट्या पाश्चात्त्यांवर नको

योगातलं अध्यात्म काढून नुसती आसनं उरवली ती पाश्चात्त्यांनी, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. पतंजलींच्या ‘योगसूत्रे’ या मूळ ग्रंथातल्या १९५-९६ सूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं. मागणी एवढीच, की बसणं स्थिर आणि सुखाचं असावं. एकाही आसनाचं नाव नाही! १८९६ साली ‘राजयोग’ छापून अमेरिकेत योग पोहोचवणाऱ्या विवेकानंदांचाही भर ध्यानावरच होता.

व्यायामाचं वळण लागलं ते भारतातच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करत होते. १९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात योगगुरू कृष्णमाचार्य मुलांकडून कसून आसनं करवून घेत होते. त्यांच्याच शिष्या इंद्रादेवींनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडमध्ये योगवर्ग काढला. पुढचा बाजार मात्र तिकडचा, हे कबूल.